कांद्याचे ग्रुप ढीगभर. बातमी कुठली धरायची, कचरा कसा रोखायचा?

नाशिक : फेब्रुवारी २०२४ मध्ये कांद्याची निर्यातबंदी उठल्याच्या बातम्या आल्या आणि मोबाईलवर वाऱ्यासारख्या फिरल्या. लासलगाव बाजार समितीत १७ फेब्रुवारीला सर्वसाधारण भाव क्विंटलला १२८० रुपये होता, तो १९ तारखेला १८०० वर गेला. दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी खुलासा केला, बंदी उठलेली नाही, ती ३१ मार्चपर्यंत कायम आहे. पुढे तीही मुदत वाढली. बंदी खरी उठली ती ४ मे रोजी.

लाल आणि रांगडा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. काढायचा की थांबायचं, हे चार दिवसांत ठरवावं लागतं. तेव्हा अर्धवट बातमीचा फटका थेट खिशाला बसतो. निर्यातबंदी लागते किंवा उठते ती विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाल्यावर. मेसेजमध्ये अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख नसेल, तर ती बातमी पक्की धरू नये.

ग्रुप वेगळा, चॅनल वेगळं

आज एकेका शेतकऱ्याच्या मोबाईलवर कांदा, द्राक्ष, टोमॅटो, पीकविमा, गावकी असे पंधरा-वीस ग्रुप असतात. सगळ्यांकडून सगळंच घ्यायला गेलं की गोंधळ होतो.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आपला नंबर सगळ्या सभासदांना दिसतो. एका ग्रुपमध्ये १०२४ जणांपर्यंत माणसं बसतात. त्यात लिंकवरून आलेला अनोळखी माणूसही असतो. तिथून नंबर उचलून नकली बियाणं, झटपट कर्ज, शेअर बाजाराच्या टिप्स असले मेसेज सुरू होतात. चॅनलचं तसं नाही. ते २०२३ पासून आलं आहे. तिथं फक्त चालवणारा लिहितो आणि वाचणाऱ्याचा नंबर इतरांना दिसत नाही. मात्र चॅनल कोणीही काढू शकतो, त्यामुळे ते खरंच त्या संस्थेचं आहे का, हे आधी बघावं.

म्हणून कामाप्रमाणे वाटणी केलेली बरी. भाव आणि आवक बाजार समितीकडून किंवा राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरून घ्यावी. डाऊनी आली, कोणती फवारणी लागू पडली, मजूर कुठे मिळतील, हे विचारायला मात्र ओळखीच्या माणसांचा छोटा ग्रुपच कामाचा. बाकीच्या ग्रुपमधून सरळ बाहेर पडावं. भिडेपोटी राहायचंच असेल तर म्यूट करून ठेवावं.

दार आपल्या हातात

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, तिथं ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडलं की अनोळखी माणूस परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. ही सोय २०१९ पासून आहे, पण अनेकांचं हे दार अजून सताड उघडं आहे. ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं तर डेटाही वाचतो.

ॲडमिननेही लिंक फेसबुकवर टाकू नये. नवा माणूस परवानगीशिवाय आत येणार नाही, अशी सेटिंग ग्रुपमध्येच असते.

मेसेजवर दोन बाण दिसले तर तो पाच किंवा जास्त हातांतून पुढे आलेला असतो. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. अशा घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. तरीही तो एकेक करून गावभर होतोच. म्हणजे शेवटची गाळणी आपलं बोटच.

सगळ्यात मोठा धोका एपीके फाईलचा. पीएम किसानचा हप्ता, ई-चलान, लग्नपत्रिका अशा नावाने ती येते. उघडून इन्स्टॉल केली की मोबाईलवर येणारे ओटीपी चोराला दिसू शकतात आणि खातं रिकामं होतं. ती ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नये, कारण त्याचाच मोबाईल आधी फसलेला असू शकतो. चुकून इन्स्टॉल झालीच तर नेट बंद करावं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं आणि १९३० या सायबर हेल्पलाईनला लगेच फोन लावावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली, तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते.