इंग्रजीला गल्ली नाही

देगलूरच्या बाजारात तेलुगू अजिबात न कळणारा दुकानदार शोधून काढावा लागेल. उदगीरकडे कन्नड कानावर पडते, नांदेडच्या इतवाऱ्यात दखनी, गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी. या भाषांची पुस्तकं लेकरांच्या दप्तरात कुणी घातली नव्हती. खेळताना भांडण झालं, उधारी मागायची वेळ आली, कुणी शिवी दिली आणि तिला उत्तर देणं भाग पडलं, भाषा आली. आपल्या लेकरांना भाषा जमत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी सीमेवरच्या एखाद्या आठवडी बाजारात तासभर उभं राहावं.

मग इंग्रजीपाशीच घोडं का पेंड खातं? रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधी मराठी शाळांत ती पाचवीत भेटायची. आता तिला पाव शतक होऊन गेलं. ग्रामीण शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथा हिस्सा इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचू शकला, आणि ज्यांनी वाचली त्या सगळ्यांनाच अर्थ सांगता आला असंही नाही. मला याचं कारण एकच दिसतं. इंग्रजीला आपल्याकडे वर्ग आहे, ट्युशन आहे, गाइड आहे, गल्ली नाही.

लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरात संध्याकाळी सायकली लावणाऱ्या पोरांना ‘मायटोकॉन्ड्रिया’ झोपेतून उठवून विचारा, स्पेलिंगसकट सांगतील. त्यांनाच शिंक, उचकी, गुदगुल्या, चाळणी, दाराची कडी यांची इंग्रजी नावं विचारून बघा. लातूर पॅटर्नची ही टिंगल नव्हे. त्या शिस्तीने कितीतरी शेतकरी घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर आणला. पण त्या शिस्तीला प्रश्नपत्रिकेत येतं तेवढंच दिसतं, आणि उचकी कुठल्याच पेपरात येत नाही.

उचकी येते कार्टूनमध्ये. तिथं कुणी घसरतं, कुणी दाराआड लपतं, कुणाच्या नाकावर माशी बसते, केक सांडतो, छत्री उलटी होते. शब्द कानावर पडण्याआधीच अर्थ डोळ्यांनी कळलेला असतो, आणि हसू आलं म्हणून लेकरू तोच भाग पुन्हा लावायला सांगतं. ही पुनरावृत्ती शाळेत छडीने घडवावी लागते. इथं ती फुकट मिळते.

भाषा अशी येते याचा पुरावा घरोघरी आहे. आई विचारते, “काय करलालास रे?” आणि लेकरू डोरेमॉनच्या हिंदीत उत्तर देतं. बांगलादेशात तर हे प्रकरण सरकारपर्यंत गेलं. मुलं हिंदी बोलायला लागली म्हणून तिथल्या सरकारने २०१३ साली हिंदीतलं डोरेमॉन दाखवणारे चॅनेल बंद केले. कार्टूनने भाषा येत नाही असं म्हणायची सोय त्या दिवशी संपली.

तरी एवढ्यावर मोबाइल लेकराच्या हातात देऊन मोकळं होऊ नये. मराठी किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलाला हिंदी अर्धी ओळखीचीच असते. इंग्रजी तशी नाही. शिवाय गल्लीत कुणीतरी उलट बोलतं, पडदा बोलत नाही. पॅट्रिशिया कुल यांनी अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांवर केलेला, २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आठवतो. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली-बोलली, काहींना त्याच भाषेचे व्हिडिओ दाखवले. समोर माणूस असलेल्या बाळांनी त्या भाषेचे आवाज टिपले, व्हिडिओवाल्यांनी टिपले नाहीत. आपली लेकरं तान्ही नाहीत हे खरं, पण सोबतीला माणूस लागतो हे त्यातून घ्यावंच.

निवडही बघावी. सफरचंद नाचतं, केळं उड्या मारतं आणि एकेक नाम ओरडून सांगितलं जातं, अशा ‘शब्दसंग्रहा’च्या व्हिडिओंचा मला कंटाळा येतो. त्यातून यादी पाठ होते, वाक्य होत नाही. त्यापेक्षा ‘पेपा पिग’ बरं. पाच-पाच मिनिटांचे भाग, चिखलात उड्या मारणारं डुकराचं कुटुंब, आणि जे चाललंय तेच साध्या वाक्यांत सांगणारा निवेदक. इंग्रजी अक्षरं खाली चालू ठेवली की कानाबरोबर डोळाही वाचतो.

सगळ्यांचा लाडका ‘टॉम अँड जेरी’ मात्र जवळजवळ मुका. १९४० पासून ते दोघे एकमेकांच्या मागे धावताहेत, पण बोलत नाहीत. त्यातून इंग्रजी कसली येणार, असं वाटेल. माझ्या मते मास्तरांच्या सगळ्यांत कामाचं तेच आहे. चित्र मध्येच थांबवायचं आणि विचारायचं: टॉम काय करतोय? जेरी कुठे लपलाय? आता काय होईल? शब्द लेकरांनी पुरवायचे, अडले तर मराठी घालून पुरवायचे, चुकीचे पुरवायचे. हशा होणारच, तो होऊ द्यायचा.

यासाठी नवी खरेदी नको. डिजिटल शाळांच्या लाटेत गावोगावी लोकवर्गणीतून टीव्ही आले. त्यातल्या कितीकांवर आता कापडी खोळ आहे. २०२४ पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ही मिळालाय. सात मिनिटांचं कार्टून आणि उरलेला तास गप्पा, एवढंच करायचं. वीज गेली तर नुसत्या गप्पा.

पालक तक्रार घेऊन येतील हे धरूनच चालावं. “सर, कार्टून बघायला शाळेत घातलंय का लेकराला? आमचं तर इंग्रजी आधीच कच्चं.” अशा पालकाला चहा पाजून वर्गातच बसवून घ्यावं आणि टॉम आता काय करतोय ते त्यालाच इंग्रजीत विचारावं. २००० सालच्या पहिलीतली मुलं आता तिशी ओलांडून आई-बाप झाली आहेत. तो बहुधा त्यातलाच निघेल, आणि टॉमपुरतं इंग्रजी त्याला येत असेल.