जर्मन सुरांची पूजा

मराठी संगीतरसिकापुढे ‘जर्मन सूर’ हे दोन शब्द उच्चारले की त्याची चिकित्सा तेथेच संपते. पेटी कोणी घडवली, भाता किती वेळ हवा धरतो, खर्जातला षड्ज हलक्या हवेवर बोलतो की नाही, यांपैकी काहीही मग विचारले जात नाही. सूर जर्मनीचे किंवा पॅरिसचे असले की पेटी थोर; नवी असली की ‘आता तसे सूर कुठले!’ हा ठरलेला उसासा. या उशाशामागे संगीताची आस्था कमी आणि विचाराचा आळस अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हार्मोनियम मूळची १८४० च्या दशकातल्या पॅरिसची. मांडी घालून, एका हाताने भाता मारीत वाजवता येईल असे रूप तिला दिले ते इथल्या कारागिरांनी. त्या संदर्भात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांचे नाव घेतले जाते. संगीत नाटकाने तिला मराठी घरात आणले. पुढे १९४० साली, मींड येत नाही, श्रुती सांभाळत नाही, वाद्य परके आहे, अशा आक्षेपांखाली नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. परकी म्हणून जिला तीन दशके दाराबाहेर ठेवले, तिच्यातला जो भाग खरोखर परका, म्हणजे आयात केलेले सूर, तेवढाच आज आम्हांला पूज्य वाटतो. आणि जो भाग आमच्या माणसांनी घडवला त्याच्या कर्त्याचे नावही आम्हांला ठाऊक नसते. याला रसिकता म्हणावे काय?

जुन्याचे भक्त गोविंदराव टेंब्यांच्या काळाचा दाखला देतात. टेंबे जन्मले १८८१ साली. ‘मानापमान’ त्यांच्या चालींसह रंगभूमीवर आले १९११ साली. त्यांच्या तरुणपणी हातपेटी हे वाद्य स्वतःच तरुण होते. शंभर वर्षांच्या हातपेट्या तेव्हा अस्तित्वातच नव्हत्या. ज्या काळाला आम्ही सुवर्णकाळ म्हणतो, तो काळ नव्या वाद्यांवर वाजला, हे साधे सत्य भक्तीच्या धुरात कोणाला दिसत नाही.

आता धातूचे पाहू. पेटीचा सूर म्हणजे एका टोकाशी जखडलेली पितळेची पातळ पट्टी. तिचे मोकळे टोक खरवडले की स्वर चढतो, बुडाशी खरवडले की उतरतो. म्हणजे प्रत्येक मिळवणीत थोडे पितळ कायमचे जाते. फ्रान्सने १८५९ साली ठरवलेला मानक स्वर ४३५ कंपनांचा होता. १९३९ च्या लंडनमधील परिषदेने तो ४४० केला. फरक सुमारे अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाचा. एकटा ख्यालगायक तंबोरा पेटीला मिळवून घेईल, हे मान्य. पण बासरी किंवा कीबोर्ड साथीला आला की जुन्या मापाची पेटी चढवावी लागते, आणि प्रत्येक सुरावर कानस फिरते. अनेक हातांनी असे खरवडलेले सूर, नवी पेटी, नवा भाता, नव्या पट्ट्या. आणि विकताना नाव मात्र ‘अस्सल जर्मन’! पियानोच्या व्यापारातही हेच चालते. शतकापूर्वीच्या ग्रँड पियानोत तारा नव्या, हातोड्या नव्या, खुंट्या रोवायची फळी नवी, क्वचित नादफलकही नवा. जुनी उरते ती लोखंडी चौकट आणि तिच्यावरचे नाव. तरीही तेथला जाणता वादक बसून, वाजवून, मग ठरवतो. आम्ही नाव ऐकून ठरवतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही: बाजारातल्या पुष्कळ नव्या पेट्या सुमार असतात. लाकूड कच्चे, भात्याला गळती, वरच्या सप्तकातले सूर किंचाळणारे. पण त्या तशा का होतात? चांगल्या पेटीचे पैसे आम्ही जुन्या मालाच्या दलालाला देतो आणि कारागिराकडे घासाघीस करतो. तो मग झिलई देतो, सूर देत नाही. मिरजेत असे झाले नाही. तेथून नामवंत गायक आजही नवे तंबोरे करवून घेतात, सांगून, तपासून, परत पाठवून. ती परंपरा त्या आग्रहावर टिकली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पेटी करणाऱ्याकडे असा आग्रह कोणी धरला?

आम्ही हे पिंपळे गुरवमधून लिहितो आहोत. नटसम्राट निळू फुले यांच्या नावाचे रंगमंदिर या गावात आहे आणि भोवती पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांचा पट्टा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवून येथे रोज धातू कापला जातो. त्या पट्ट्यातला पालक मुलीला पेटी घेताना ‘असे पितळ आता कोणाला कापता येत नाही’ हे विधान मान डोलावून ऐकतो, आणि ऐपतीबाहेरची रक्कम मोजून कुणाचे तरी खरवडलेले सूर घरी आणतो. मुलीचा कान त्या नावाने घडणार नाही. आठवड्याने बेसूर होणारी पेटी तो बिघडवील मात्र.

साहित्यातही आमचे हेच चालते, म्हणून हा विषय येथे मांडला. नवकथेनंतर कथा नाही, मर्ढेकरांनंतर कविता नाही, असे न वाचताच म्हणणारा प्राध्यापक आणि न वाजवताच ‘आता तसे सूर नाहीत’ म्हणणारा रसिक एकाच वर्गातले. दोघेही परंपरेचे राखणदार म्हणवतात आणि दोघेही हयात कारागिराला उपाशी ठेवतात.

जुनी पेटी घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. सर्व खटके बंद करून भाता भरा, तो किती सावकाश बसतो ते पाहा. एकेक सूर हलक्या हवेवर बोलवा. नर आणि खर्जाचे सूर एकत्र दाबून लाटा उठतात का ते ऐका. झाकण उघडून पितळेवरचे ओरखडे मोजा. या परीक्षेत जुनी उतरली तर ती घ्या, नवी उतरली तर नवी. मात्र नवी घ्याल तेव्हा कारागिराला समोर बसवा, उणे असेल ते तोंडावर सांगा, आणि त्याने ते सुधारून दिले तर त्याचे दाम न कुरकुरता चुकते करा. शंभर वर्षांनी कोणाला पूजायची असेल, तर ती पेटी आज कोणीतरी घडवावी लागेल.