जुलाब थांबवण्याची घाई नको

मेडिकलच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिलात तर पावसाळ्यात हे हमखास दिसेल. पोटावर हात धरून एखादा माणूस येतो आणि म्हणतो, "दोन दिवस पोट जातंय, बंद व्हायची गोळी द्या." दुकानदार कात्रीने पट्टी कापून चार गोळ्यांची पुडी हातावर ठेवतो. ताप आहे का, शौचातून रक्त पडतंय का, शेवटची लघवी कधी झाली, यातलं काहीच तो विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. खरं तर सगळे उपचार याच तीन प्रश्नांवर ठरतात.

मोठ्या माणसांचे जुलाब बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपले आपण थांबतात. कारण बहुधा विषाणू असतो किंवा दूषित पाण्या-अन्नातून पोटात गेलेले जंतू. पंगतीत जेवल्यावर काही तासांतच उलट्या सुरू झाल्या, तर जंतूंनी अन्नात आधीच सोडलेलं विष हे कारण असू शकतं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, विषावर तर नाहीच. तरीही आपल्याकडे दोन अँटिबायोटिक एकत्र केलेली गोळी पोटासाठी सर्रास खाल्ली जाते. तिने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि कधी कधी त्यामुळेच नवे जुलाब लागतात.

आतडी थोपवणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळीचंही तसंच. ताप नाही, रक्त नाही आणि एसटीत सहा तास बसायचंय, तर धडधाकट माणसाने एखाद्या वेळी ती घ्यायला हरकत नाही. पण ताप असेल किंवा आव-रक्त पडत असेल, तर जो जंतू बाहेर पडायला हवा तोच ती आत कोंडते.

माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे, म्हणून भरून काढायचं तेही तेच. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ड्रम भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. कॉलऱ्यातसुद्धा आतड्याची एक वाट उघडी राहते. तिथून मीठ आणि साखर जोडीने आत शिरतात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात, म्हणून नुसतं पाणी किंवा नुसता ग्लुकोज पुरत नाही.

आता हेच मिश्रण, म्हणजे ओआरएस, आपण कसं करतो ते पाहा. पुडी फोडायची, पेलाभर पाण्यात चमचाभर टाकायची, उरलेली दुमडून डब्यामागे ठेवायची. सगळं प्रमाण तिथेच चुकतं. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते, लहान 200 मिलिलिटरसाठी. तांब्याच्या अंदाजाने करू नका, पाण्याची लिटरची बाटलीच मापाला घ्या. केलेलं पाणी 24 तासांत संपवा, उरलं तर ओता. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा. प्रत्येक जुलाबानंतर ग्लासभर, उलटी होत असेल तर घोट घोट. दुकानात खोक्यांत मिळणाऱ्या गोड पेयांना मात्र ओआरएस समजू नका. अशा पेयांवर हे नाव छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली आहे.

"मला शुगर आहे, बीपी आहे, मग मीठ-साखर कशी चालेल?" असं पुष्कळ जण विचारतात. जुलाब चालू असताना चालते. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी तेवढं डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं. त्यांना आणखी एक विचारा, आणि हे फार कमी लोक विचारतात: लघवी वाढवणारी बीपीची गोळी किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन या दिवसांत चालू ठेवायची का? पाणी कमी झालेल्या अंगात ही औषधं धोक्याची ठरू शकतात. मेटफॉर्मिनने तर काहींना मुळातच जुलाब होतात.

लंघन करू नका. मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, ताक, केळं, जे जाईल ते खा. चहा, दारू आणि तेलकट चार दिवस बाजूला ठेवा.

साध्या जुलाबाला तपासणी लागत नाही, सलाईनही लागत नाही. पण शौचात रक्त, 102 च्या वरचा ताप, सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहताच अंधारी, पेजेसारखे पांढुरके ढाळ, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका, दवाखाना गाठा. गरोदर बाई आणि सत्तरीपुढची माणसं यांनी तर त्याआधीच. शौचाची तपासणी सांगितली तर नमुना ताजा द्या. सकाळचा डबा दुपारी पोचवला तर अमीबा सापडणं कठीण.

चार आठवडे उलटले तर ते साधं पोट बिघडणं नव्हे. थायरॉइड, दूध किंवा गहू न सोसणं, आतड्याची सूज, क्वचित कर्करोग, यांचा शोध घ्यावा लागतो. झोपेतून उठवणारे जुलाब, उतरणारं वजन आणि पन्नाशीनंतर शौचात दिसणारं रक्त मूळव्याधीच्या नावावर खपवू नका.

आणि जुलाब बरे झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत पाय लुळे पडू लागले, मुंग्या येऊ लागल्या, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात अशाच, नसांवर घाला घालणाऱ्या जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या आजाराची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण निघाले आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जंतू सापडला. असं क्वचितच होतं, पण एकाच पाण्यावर शेकडो घरं असतात. म्हणून तुमच्या इमारतीत किंवा वाडीत एकाच आठवड्यात चार-पाच घरांत जुलाब दिसले, तर आशाताईंना किंवा पालिकेच्या दवाखान्यात लगेच कळवा आणि पाण्याचा नमुना तपासायला लावा. तोवर पाणी खळाखळा उकळूनच प्या.