खुणेचे मोल

मनुष्याच्या व्यवहारात खुणेवाचून पाऊल पडत नाही. वाट चुकू नये म्हणून तो झाडावर खूण करतो, बांध ओळखावा म्हणून दगड रोवतो आणि आपला शब्द खरा ठरावा म्हणून कागदावर शिक्का उमटवितो. या निरनिराळ्या कामांसाठी मराठीने निरनिराळे शब्द घडविले आहेत. वाटेवर असते ती खूण, रोगाचे असते ते लक्षण, दोघांत ठरतो तो संकेत, राजाची असते ती मुद्रा आणि थोर कल्पनेचे असते ते प्रतीक. यांतील एकाच्या जागी दुसरा शब्द घातला, तर अर्थ बिघडतो. ‘तापाचे प्रतीक’ असे कोणी म्हणत नाही.

आज कोल्हापूरच्या रस्त्यावर या शब्दांना इंग्रजी सोबती मिळाले आहेत. चौकात सिग्नल असतो, बँकेत टोकन मिळते, दुकानाच्या पाटीवर लोगो झळकतो. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी लिपीतील जुन्या कागदांचा मोठा संग्रह आहे. तसल्या कागदांवर होणाऱ्या विधीचे नाव ‘शिक्कामोर्तब’. हा शब्द फारसीच्या वाटेने आला. मोहोर आणि निशाण हेही त्याच वाटेने आले. येथील राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले कवी माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. परभाषेचे ऋण ज्याला नेमके ठाऊक, त्यानेच स्वभाषेची काळजी वाहिली. तेव्हा प्रश्न शब्द कोठून आला हा नाही. तो अर्थ नीट वाहतो की नाही, हा आहे.

कोल्हापुरी चप्पल हे याचे उत्तम उदाहरण होय. हिरडा आणि बाभळीची साल यांनी कमावलेले कातडे, ते कापून शिवणारे कारागिरांचे हात आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले कसब, यांतून ही चप्पल घडते. १९९९ साली भारताच्या संसदेने एक कायदा केला. एखाद्या मालाचा गुण किंवा कीर्ती त्याच्या भूमीशी निगडित असेल, तर त्या भूमीचे नाव इतरांनी त्या मालाला लावू नये, अशी तरतूद त्यात आहे. त्या कायद्यान्वये २०१९ साली कोल्हापुरी चपलेची नोंद झाली. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांतील कारागिरांना ती लागू आहे. इंग्रजीत तिला ‘जिऑग्राफिकल इंडिकेशन’ म्हणतात. लोकांच्या तोंडी तिचे ‘जी. आय. टॅग’ झाले आणि वृत्तपत्रांत कोठे ‘भौगोलिक मानांकन’, तर कोठे ‘भौगोलिक निर्देशांक’.

हे दोन्ही मराठी शब्द दिसायला भारदस्त आहेत. परंतु दोन्ही वाट चुकवितात. निर्देशांक हा महागाईचा असतो. तो आकडा आहे. मानांकन म्हणजे परीक्षा घेऊन दिलेली श्रेणी. येथे आकडा नाही आणि श्रेणीही नाही. ही वस्तू कोठली आणि कोणत्या परंपरेतली, एवढेच ही नोंद सांगते. ती बक्षीस नव्हे, खूण आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. ज्याला ते बक्षीस वाटते, तो सत्कार करून स्वस्थ बसतो. ज्याला ती खूण वाटते, तो तिची राखण करतो, आपले नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदवितो आणि नकली मालाला हरकत घेतो.

राखण न केल्यास काय होते, ते २०२५ च्या जून महिन्यात दिसले. इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्याच चपला जगापुढे आल्या. मात्र कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. महाराष्ट्रात निषेधाचा सूर उठल्यावर या चपलांमागील प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे कंपनीने मान्य केले. त्या चपलांत कातडे होते, घाट होता. नव्हती ती केवळ खूण. आणि तेवढ्यानेच कारागीर अनाम झाला.

मग या नोंदीला म्हणावे काय? बोधचिन्ह आणि व्यापारचिन्ह हे शब्द मराठीत रुळले आहेत. त्यांच्याच पंक्तीला ‘उगमचिन्ह’ हा शब्द बसविता येईल. व्यापारचिन्ह एका मालकाचे, तर उगमचिन्ह साऱ्या कारागिरांचे, हा भेदही त्याने सहज कळेल. रुळलेला शब्द आता बदलणार कसा, असे कोणी विचारील. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सुचविलेला ‘महापौर’ हा शब्दही एके काळी नवखाच होता. १९७२ साली कोल्हापुरात महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा नगराच्या प्रथम नागरिकाला तोच शब्द लाभला आणि आज तो कोणालाही परका वाटत नाही.

खुणेला योग्य नाव असले, म्हणजे खूण कशाची हे समजते. आणि ते समजले, म्हणजे ती कोणी पुसू लागल्यास लगेच ध्यानात येते. कारागिराने चपलेचा टाका जपावा, तसा भाषा बोलणाऱ्याने शब्दाचा अर्थ जपावा. एक उसवला की दुसराही सैल पडतो.