मेलेला अँटिव्हायरस

दिवाळीत नंदुरबारला मामांकडे गेलो होतो. मिरचीचं गाव. गावाबाहेर पथारींवर लाल मिरची वाळत असते, आणि माझ्यासारखा पुणेकर पोचल्या पोचल्या शिंकायला लागतो. पण या वेळी मामा गप्प होते. कर्ज काढून ठिबक घातलेला अर्धा प्लॉट मर रोगाने गेला होता.

मी आपलं गुगलज्ञान पाजळलं. "मामा, स्युडोमोनास वापरायचं ना! उपयोगी जिवाणू असतात ते."

"वापरलं की. झाडं सुकायला लागली तशी पावडर आणून मुळाशी ओतली. काही होत नाही बघ त्याने."

मला वाटतं, इथे बिचाऱ्या जिवाणूवर उगाच आळ येतो. स्युडोमोनास फ्लुरोसन्स मुळांभोवती वस्ती करतो आणि मातीतलं लोह पकडून ठेवणारे रेणू सोडतो. मर आणणाऱ्या फ्युजारियम बुरशीची त्यामुळे उपासमार होते. शिवाय तो बुरशीला मारक द्रव्यं बनवतो, झाडाची प्रतिकारशक्तीही जागी करतो. पण हे सगळं कधी? तो बुरशीच्या आधी मुळावर पोचला तर! म्हणून तो किलोभर बियाण्याला १० ग्रॅम असा चोळायचा, लावणीआधी रोपांची मुळं त्याच्या पाण्यात बुडवायची. मशीन हँग झाल्यावर अँटिव्हायरस टाकून काय उपयोग?

दुसरं म्हणजे, हा जिवंत माल आहे. बॅसिलससारखे जिवाणू टणक बीजाणू करून उन्हाळा काढतात, स्युडोमोनासला ते जमत नाही. आणि मिरचीची रोपं टाकायची वेळ मे-जूनची, नंदुरबारचा पारा चाळिशीपार असतानाची. पत्र्याखालच्या दुकानात पडलेल्या पाकिटात जिवंत काय उरणार?

मामांकडचं रिकामं पाकीट पाहिलं. विकत घेतलं तेव्हाच मुदत संपून चार महिने झाले होते.

दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण दहादा बघतो, मग या पाकिटाला वेगळा न्याय का? सावलीत, थंड जागेत ठेवलेला ताजा माल मिळणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे. जिवाणू म्हणजे जादू नव्हे. पाण्याचा निचरा आणि पीक फेरपालट हवीच. पण आधी त्याला जिवंत तरी पोचू द्या की राव!

असो. पुढच्या मे महिन्यात मी थर्मोकोलच्या डब्यात ताजी पाकिटं घेऊन जाणार आहे. मामी म्हणाली, "डबा आणतोच आहेस तर थोडं आइस्क्रीमही आण."