यजमानपद सरकारचे, धूळ रहिवाशांची

१९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत पुणे शहर व जिल्ह्यातून आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पार पडली. तिच्यासाठी मार्गावरचे रस्ते नव्याने डांबरले गेले आणि शर्यतीच्या वेळी तेच रस्ते नागरिकांना बंद झाले. खड्ड्यांविषयी अर्ज करून थकलेल्या पुणेकरांस या निमित्ताने एक गोष्ट उमगली. पैसा नाही, यंत्रणा नाही, ही नेहमीची कारणे पाहुणे येणार म्हटले की नाहीशी होतात. या तयारीच्या काळात महापालिकेत लोकप्रतिनिधी नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. मार्च २०२२ पासून तेथे प्रशासकाचा कारभार होता; निवडणुकीचे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे शर्यतीच्या अवघे चार दिवस आधी. रहिवाशाने दाद मागावी तरी कोणाकडे?

पुण्याला हा अनुभव नवा नाही. १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात बालेवाडीस राष्ट्रकुल युवक क्रीडा स्पर्धा झाल्या. ७१ देशांचे खेळाडू आले. त्याआधीच्या वर्षांत शहराच्या पश्चिम भागातील रस्ते खणले गेले, विद्यापीठ चौकात उड्डाणपूल उभे राहिले. २०२० साली मेट्रोसाठी तेच पूल पाडण्यात आले आणि त्यांच्या जागी बांधलेल्या दुमजली पुलाची एक बाजू ऑगस्ट २०२५ मध्ये खुली झाली. म्हणजे त्याच चौकातील माणसाने बांधणीची धूळ खाल्ली, पाडणीची खाल्ली आणि पुनर्बांधणीचीही खाल्ली. नगररचना लोकांच्या गरजेऐवजी उद्घाटनाच्या तारखेने ठरू लागली की असेच होणार.

यावर सांगितले जाते की, स्पर्धेमुळे शहराला कायमच्या सोयी मिळतात, थोडा त्रास सोसावा. यात तथ्य नाही असे नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल आजही वापरात आहे. परंतु त्रास कोणी सोसायचा आणि सोय कोणाची व्हायची, याची वाटणी कधीच समान नसते. मोटारीत बसणाऱ्याचा अर्धा तास जातो. हातगाडीवाल्याचा दिवसाचा धंदा जातो आणि झोपडीवाल्याचे घर जाते.

दिल्लीचा इतिहास याची साक्ष देतो. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावर मजुरांना ठरलेल्या ९ रुपये २५ पैसे रोजातून मुकादम १ रुपया कापून घेत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने ही लूट सर्वोच्च न्यायालयापुढे नेली आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय, असा निर्णय न्या. भगवती यांनी दिला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी वस्त्या उठल्या, फेरीवाले व भिकारी हटवले गेले. इतकेच काय, अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतील कोट्यवधी रुपये स्पर्धेच्या कामांकडे वळवण्यात आले. ही गोष्ट केंद्रीय गृहमंत्र्यांना संसदेत मान्य करावी लागली. दलितांच्या हक्काच्या पैशातून राष्ट्राची प्रतिष्ठा उभारावी, यासारखी दुसरी विटंबना कोणती?

रिसोड तालुक्यातील रिठदच्या कार्यकर्त्याने पुण्यादिल्लीची ही उठाठेव का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. वाशीमची गणना २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत, म्हणजे सरळ भाषेत मागास जिल्ह्यांत होते. येथील कोरडवाहू शेतीवर पोट भरत नाही म्हणून माणसे शहराकडे जातात आणि बांधकामाच्या पालांत राहतात. शहर सजवण्यासाठी जो राबतो, तोच सजावटीच्या वेळी डोळ्यांआड करण्याजोगा ठरतो. तेव्हा हा प्रश्न शहरी गैरसोयीचा नसून आपल्याच माणसांचा आहे. आणि गावच्या पोरांना कबड्डीसाठी धड मैदान नसताना खेळाचा विकास झाला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला असून ऑलिंपिकसाठीही देशाची खटपट चालू आहे. आपला विरोध खेळाला नाही, लोकांना न विचारता लोकांच्या माथी मारलेल्या उत्सवाला आहे. म्हणून आतापासूनच काही मागण्या नेटाने मांडल्या पाहिजेत. खर्च व आराखडा आधी प्रभागांतील सभांपुढे ठेवावा. पुनर्वसन झाल्याखेरीज एकही झोपडी हलवू नये. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण झाल्याविना फेरीवाल्यास हात लावू नये. बांधकाम मजुराची कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि पुरी मजुरी ही ठेकेदाराच्या देयकाची पूर्वअट असावी. शहरांतील साथींनी वस्त्यांत आणि गावांतील साथींनी स्थलांतरित मजुरांत हे काम आजच हाती घ्यावे. तारीख जाहीर झाल्यावर बुलडोझर थांबत नाही. त्याला अडवायचे तर त्याच्या आधी पोहोचावे लागते.