पेशीपरीक्षण आणि प्रकृतिपरीक्षण

सर्व शरीरे व्याधिक्षमत्वाच्या बाबतीत समान नसतात, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २८व्या अध्यायात स्पष्ट केले आहे. समान अपथ्य सेवन करूनही एकास व्याधी होतो व दुसरा निरोगी राहतो, हा आपल्या नित्य चिकित्सेतील अनुभव आहे. या भेदाचा शोध घेण्याचे एक सूक्ष्म साधन आता आधुनिक शास्त्राच्या हाती आले आहे. त्याविषयी काही विचार वैद्यबंधुभगिनींपुढे मांडीत आहे.

रक्तातील प्रतिकारपेशींच्या जनुककार्याची तपासणी पूर्वी एकत्रितच होत असे. असंख्य पेशींची सरासरी हाती येई. काढा चाखून त्यातील प्रत्येक द्रव्य ओळखू पाहावे, तसा तो प्रकार होता. २००९ पासून विकसित होत गेलेल्या तंत्राने एकेक पेशी वेगळी करून तिची कोणती जनुके कार्यरत आहेत, हे वाचता येते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आशियाई प्रकल्पात भारतासह पाच देशांतील ६१९ निरोगी व्यक्तींच्या साडेबारा लाखांहून अधिक पेशी अशा अभ्यासल्या गेल्या. वय, लिंग व वंशसमूह यांनुसार पेशींत भेद आढळले. प्रकृतीचा विचार मात्र तेथे नव्हता.

तो विचार आपल्याकडे झालेला आहे. पुण्यात डॉ. भूषण पटवर्धन, डॉ. कल्पना जोशी व डॉ. अरविंद चोप्रा यांनी २००५ साली ७६ व्यक्तींची प्रकृती आणि प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए जनुके यांचा संबंध तपासला. २०१४ साली मणिपाल येथील संशोधकांना कफप्रकृतीच्या व्यक्तींत सीडी-२५ व सीडी-५६ या पेशीचिन्हांचे प्रमाण अधिक आढळले. परंतु सीडी-२५ हे चिन्ह प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींवर असते, तसेच आक्रमणास उद्युक्त झालेल्या टी-पेशींवरही असते. मग कफप्रकृतीत संयम अधिक की सज्जता अधिक? केवळ या एका चिन्हाच्या मोजणीतून याचे उत्तर मिळत नाही. एकेका पेशीचे परीक्षण ते देऊ शकेल.

तथापि यंत्र पेशी वाचील, प्रकृती वाचणार नाही. ते कार्य वैद्याचे आहे, आणि आपली खरी उणीव तेथेच आहे. २०२४-२५ च्या देशव्यापी प्रकृतिपरीक्षण अभियानात सव्वा कोटीहून अधिक नागरिक सहभागी झाले. लोकजागृती म्हणून ते स्तुत्यच होय. परंतु भ्रमणध्वनीवरील प्रश्नावली संशोधनास पुरेशी नाही. एकाच व्यक्तीस एक वैद्य वातपित्तप्रकृती व दुसरा पित्तकफप्रकृती म्हणू लागला, तर लक्षावधी पेशी वाचूनही हाती काहीच लागणार नाही. मूळ नोंद सदोष असेल, तर महागड्या यंत्राने ती शुद्ध होत नाही.

जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी असे यंत्र येणार नाही. त्याची आवश्यकताही नाही. येथील वैद्यांनी निरोगी व्यक्तींचे प्रकृतिपरीक्षण दोघादोघांनी, परस्परांस न सांगता करावे. विमानस्थानातील लक्षणांनुसार लेखी नोंद ठेवावी आणि मतभेद किती येतो हे प्रामाणिकपणे प्रसिद्ध करावे. प्रकृतीवर कुल व देश यांचा प्रभाव सांगितला आहे. खानदेशचा कडक उन्हाळा सोसणारा, कळण्याची भाकरी खाणारा शेतकरी महानगरातील अभ्यासांत क्वचितच येतो. त्याची विश्वासार्ह नोंद आपल्याजवळ असेल, तर पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांशी सहकार्याची बोलणी आपण बरोबरीच्या नात्याने करू शकू.

यात धोकाही आहे. कदाचित प्रकृतिभेद पेशींत दिसणार नाही, किंवा आपण मानतो त्याहून निराळा दिसेल. तोही निष्कर्ष आपल्याच त्रैमासिकात छापण्याची तयारी असावी. अनुकूल तेवढेच उचलून ‘विज्ञानाने आयुर्वेद सिद्ध केला’ असा डांगोरा पिटणे, हे परीक्षेला प्रमाण मानणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांना शोभणारे नाही.